पाकाबद्दल कुणी बोलायचं नाही

विठाबाई : लाटणं माझं हाय, मॅनेजरसाहेब. घरनं आनलेलं. तेवढं घेते नि जाते.

वाहिद : घ्या की. कुणी अडवलंय?

विठाबाई : तुमच्या गूळदाणीनं. हे बगा. सोता वढून बगा.

वाहिद : हे... हे हलत का नाही?

विठाबाई : कसं हलंल? पाक करपला, वट्यावर वतला, त्याचा दगूड झाला. नि लाटणं बसलंय त्यात रुतून.

वाहिद : पण पाकात लाटणं सोडलंच कशाला तुम्ही?

विठाबाई : तुमी वरडला, “हात काढा सगळ्यांनी!” म्या हात काढला. लाटण्याचं काय करायचं त्ये न्हाई बोलला.

वाहिद : विठाबाई, ही चेष्टेची वेळ नाही. अख्खी कढई वाया गेली. उद्या मुंबईत शेठजींचं नवं दुकान उघडतंय. संध्याकाळच्या गाडीनं शेंगदाण्याच्या गूळदाणीचे डबे गेले नाहीत, तर तिथल्या फळ्यांवर काय मांडायचं? माझी टोपी?

विठाबाई : मांडा की. चांगली हाय. नवी हाय.

वाहिद : हेच! हेच म्हणतो मी. म्हणून तुम्हाला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. सगळ्या कारखान्यात जुन्या तुम्ही. भट्टीच्या अगदी शेजारी उभ्या. पाक करपतोय हे दिसलं नाही तुम्हाला?

विठाबाई : दिसलं की.

वाहिद : वास नाही आला?

विठाबाई : वास पार लोनावळ्याच्या ठेसनात गेला. त्या बिजलीच्या इंजनावरचा डायवर पन म्हनला आसंल, कुनाचं तरी करपलं म्हून.

वाहिद : मग बोलला का नाहीत? मुद्दाम?

विठाबाई : मुद्दाम न्हाई. हुकमानं.

वाहिद : कसला हुकूम?

विठाबाई : घ्या! मॅनेजर झाल्या दिशी खुर्चीवर हुभं ऱ्हाऊन कोन म्हनलं? “आजपासनं पाकाबद्दल फक्त मी बोलणार, दुसऱ्या कुणी बोलायचं नाही.” आमी न्हाई बोललो.

वाहिद : अहो, पण करपत असताना...

विठाबाई : करपत आसताना बोलायचं, आसं न्हाई म्हनला तुमी.

रखमाजी : साहेब, हिकडं येऊ का?

वाहिद : या की, रखमाजी. त्यात काय विचारायचं?

रखमाजी : न्हाई, भट्टीवाल्यानं जागा सोडायची न्हाई म्हनला व्हता. म्हून इचारलं. साहेब, जाळ कमी करू का?

वाहिद : भट्टीवर कढई आहे का आत्ता?

रखमाजी : न्हाई.

वाहिद : काहीच नाही?

रखमाजी : काय न्हाई. निस्ता जाळ.

वाहिद : मग मघापासून लाकडं कशाला घालताय?

रखमाजी : मी सांगितल्याबिगर जाळ कमी करायचा न्हाई, आसं म्हनला व्हता. लाकडं सरत आली, तवा म्हनलं इचारून यावं.

वाहिद : विझवा! नाही, थांबा, विझवू नका. दुसरी कढई चढवायचीय. बारीक करा.

रखमाजी : बारीक म्हंजी किती?

वाहिद : रखमाजी! तुम्ही ही भट्टी माझ्या जन्माच्या आधीपासून सांभाळताय!

रखमाजी : व्हय. पर तवा कुनी सांगत नव्हतं, म्हून जमत व्हतं.

विठाबाई : हसू नगंस रं रखमाजी. हसायचा हुकूम न्हाई अजून.

रखमाजी : हसत न्हाई. धूर गेला डोळ्यात. जाऊ का, साहेब?

वाहिद : जा. आणि हे बघा... बारीक म्हणजे तुम्हाला वाटेल तेवढा.

रखमाजी : मला वाटंल तेवढा? आसं का. बरं, बरं.

वाहिद : विठाबाई, ते लाटणं मी हातोडीनं काढून देतो. सरका.

विठाबाई : हातोडी? खैराचं हाय ते. माझ्या सासूचं. मोडलं तर आनशीला का तसं दुसरं? मी बोलू का? लाटण्याबद्दल हाय, पाकाबद्दल न्हाई.

वाहिद : बोला.

विठाबाई : कढत पानी आना. धार धरा कडंकडंनं. गूळच हाय शेवटी, सुटतोय. पर हळू. घाई केली तर बोटं भाजत्यात, म्हाईत हाय ना तुमाला?

वाहिद : आहे माहीत.

विठाबाई : इंदुरी गावाहून नवा नवा आलता तवा पयल्याच दिशी पाकात बोट घातलं व्हतं, चाखायला. आन् मग कसा नाचला व्हता ह्या वट्याभवती!

वाहिद : आता ते सगळ्यांना सांगू नका.

विठाबाई : सगळ्यांनी बगितलंय, सांगायचं काय त्यात! तुमचा हात थंड पान्यात धरून कोन बसलं व्हतं तेवढं इचारा.

वाहिद : तुम्ही बसला होता. घ्या, आणलं पाणी. इथून धरू धार?

विठाबाई : हां. आजून. तिकडनं पन.

वाहिद : माझंही ऐका जरा. आधी काय गोंधळ असायचा इथं! तुम्ही म्हणणार उतरवा, नंदाबाई म्हणणार थांबा, रखमाजी म्हणणार आत्ता तर कुठं जाळ लागलाय. त्या दिवशी भांडता भांडता अर्धी कढई उतरवली नि पुन्हा चढवली, आणि शेठजी दारात उभे! एकानं बोलायचं ठरवलं, त्यात काय चुकलं माझं?

विठाबाई : काय न्हाई चुकलं. एकानं सांगावं, हे मला बी पटतंय. आमी लय कालवा करायचो, खरं हाय.

वाहिद : मग?

विठाबाई : पर तो एक जन भाईर मोटारीपाशी जाऊन हुभा ऱ्हायला तर?

वाहिद : गिऱ्हाईक होतं. मोटारीतून आलेल्या बाई. खंडाळ्याच्या बंगल्यातल्या. त्यांनी विचारलं, इथले मॅनेजर कोण? म्हटलं, मीच.

विठाबाई : नि मग?

वाहिद : मग त्या म्हणाल्या, ही गूळदाणी करतात तरी कशी?

विठाबाई : नि तुमी सांगत बसला.

वाहिद : सांगायला नको? किती कौतुकानं विचारत होत्या. म्हटलं, सगळं कसब पाकात आहे. क्षणभर इकडं तिकडं झालं की...

विठाबाई : थांबला का? पुढं बोला की. क्षनभर हिकडं तिकडं झालं की काय व्हतं?

वाहिद : मावशी, पुरे.

विठाबाई : आता मावशी? आट दीस विठाबाई, विठाबाई चाललंय. मला तर वाटलं, माझं नाव सरकारात बदलून आनलं तुमी.

वाहिद : मॅनेजरनं कारखान्यात मावशी म्हणून कसं चालेल?

विठाबाई : का न्हाई चालणार? मावशी म्हनल्यावर काय पाक पातळ व्हतो?

वाहिद : तुम्हाला नाही कळायचं. शेठजींनी मला मुंबईला बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं, म्हणाले, वाहिद, ओळखीच्या माणसांवर हुकूम चालवायचा तर आधी ओळख विसरायची. मी रात्रभर विचार केला. काल-परवापर्यंत मी ह्याच ओट्याशी तुमच्या शेजारी उभा राहून लाटत होतो. लाटणं वाकडं गेलं की तुम्ही माझ्या हातावर चापट मारायचात. तुम्ही ऐकाल माझं? नंदाबाई ऐकेल? मला भीती वाटली, मावशी. खरंच वाटली. म्हटलं, पहिल्याच दिवशी आवाज चढवला नाही, तर सगळे मिळून मला हसतील.

विठाबाई : आन् मग आमी हसायचंच सोडलं.

वाहिद : ते आलं माझ्या ध्यानात. मी आत आलो की सगळ्या गप्प.

विठाबाई : परवाचं सांगू? शेंगदानं टाकायच्या आदी मला दिसलं, बुडाला लागतंय. मी म्हनलं, वाहिद, खाली बग रं. तुमी काय म्हनला?

वाहिद : जाऊ द्या ना.

विठाबाई : न्हाई, सांगते. “मॅनेजरसाहेब म्हणायचं, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.” समद्या बायांदेखत. लय लागलं मला. घरी जाताना वळवनच्या वाटंला पदर तोंडाला लावून रडत गेले. सुनंला म्हनलं, डोळ्यात धूर गेलाय. ती म्हनली, भट्टी तर तिकडं ऱ्हायली, हितं कुटला धूर? तवापासनं मी ठरवलं. आता पाक जळू दे, न्हाई तर कारखाना जळू दे. इचारल्याबिगर बोलायचं न्हाई.

वाहिद : मला वाटलं, तुम्ही विसरलात.

विठाबाई : पानी सांडतंय भाईर. नीट धरा.

वाहिद : चुकलं माझं. तुम्हाला तसं बोलायला नको होतं.

विठाबाई : हं.

वाहिद : पण एक खटकतंच. तुमचं समजलं, तुम्ही रागावला होता. पण बाकीच्या एवढ्या जणी! सगळ्यांच्या नाकासमोर जळत होतं. एकीलाही वाटलं नाही का, की ह्याला सांगावं?

विठाबाई : एकीला वाटलं.

वाहिद : कुणाला?

विठाबाई : बयाला.

वाहिद : बयाबाईला? अहो, ती तर मुकी आहे.

विठाबाई : व्हय. बोलायचं न्हाई, हा हुकूम तिला लागूच न्हाई.

वाहिद : ती कशी सांगणार?

विठाबाई : आठवा की जरा. मोटारीपाशी हुभं व्हता, तवा आतनं काय ऐकाया आलं?

वाहिद : झारा आपटल्याचा आवाज. कढईच्या काठावर. ठणाठणा. बाई म्हणाल्या, आत काय देवाची आरती चाललीय का? मला शरम वाटली. म्हटलं, बघा, मी जरा बाहेर आलो की ह्यांचा खेळ सुरू.

विठाबाई : मग आत आला.

वाहिद : आत आलो. तिच्या हातातनं झारा हिसकावून घेतला. म्हटलं, लहान आहेस का तू? नि तिला मागच्या पडवीत बसवलं, रिकामे डबे पुसायला. आणि...

विठाबाई : आन् पुन्यांदा भाईर गेला. कढईकडं बगितलं बी न्हाई. ती बोट दाखवत व्हती, हातवारं करत व्हती, तुमी तिच्याकडं बी बगितलं न्हाई.

वाहिद : या अल्ला.

विठाबाई : समद्या कारखान्यात तुला सांगाया एकच बाई धावली रं, वाहिद. आन् तिला बोलता येत न्हाई. नि तिलाच तू गप बसवलं.

वाहिद : अजून बसलीय ती तिथं?

विठाबाई : बसलीय की. ऊठ म्हनलं न्हाई कुनी. तेच ते डबं पुसतीय.

वाहिद : मावशी, मीच जातो तिच्याकडं.

विठाबाई : जायाच पायजे.

वाहिद : काय सांगू तिला जाऊन?

विठाबाई : मला काय इचारतोस? तिला ऐकाया येतंय चांगलं. आन् तुला तोंड हाय. जा.

वाहिद : ही किटली धरा. येतो मी.

रखमाजी : विठे, साहेब कुटं पळालं?

विठाबाई : पडवीत. बयापाशी. तू त्या दाराच्या फटीतनं बग नि मला सांग. माझ्या हातात किटली हाय.

रखमाजी : फटीतनं बगू? तसा हुकूम...

विठाबाई : रखमाजी, मारीन हां लाटण्यानं. सुटत आलंय ते.

रखमाजी : बगतो, बगतो. हां. हुभा हाय तिच्यासमुर. 

विठाबाई : बोलतोय?

रखमाजी : बोलत न्हाई अजून. टोपी काढली.

विठाबाई : आन् ती?

रखमाजी : ती डबं पुसतीय. वर बगत न्हाई. लय घुश्श्यात हाय. आता तो खाली बसला. बोलतोय कायतरी. ऐकाया न्हाई येत.

विठाबाई : ती?

रखमाजी : तिनं तोंड फिरवलं तिकडं.

विठाबाई : फिरवंल न्हाई तर काय.

रखमाजी : तो बी तिकडं जाऊन बसला. फडकं घेतलं. तिच्यासंगं डबं पुसाया लागला, विठे! नव्या कोटासकट!

विठाबाई : आता गं बाई. आन्?

रखमाजी : तिनं त्येचा डबा हातातनं घेतला. बगितला. पुन्यांदा दिला. नीट पुसला न्हाई वाटतं. आता दाखवतीय त्येला कसा पुसायचा. आन्... हसली! हसली बग. त्येच्या टोपीनंच डबा पुसून दाखवतीय.

विठाबाई : सुटलं! सुटलं बाई लाटणं. कुटं चीर न्हाई, काय न्हाई.

रखमाजी : आलं, साहेब आलं. मी न्हाई हां कायबी बगितलं.

वाहिद : रखमाजी, फट त्या बाजूनंही असते. तुमचा डोळा दिसत होता मला.

रखमाजी : धूर...

वाहिद : हो, धूर गेला असेल. बरं ऐका, दोघंही ऐका. हा झारा. बयाबाईंनी आणि मी मिळून ठरवलंय. आता हा कढईच्या कडेला टांगायचा, सगळ्यांचा हात पोचेल असा. ज्याला कुणाला वाटेल की पाक आला, नाही तर बुडाला लागतंय, त्यानं एकदा वाजवायचा. एकदा वाजला की बाकीच्यांनी येऊन बघायचं. दुसऱ्या कुणालाही तसंच वाटलं, की त्यानं पुन्हा वाजवायचा. दोनदा वाजला की कढई खाली. भांडण नाही, आरडाओरडा नाही.

विठाबाई : आन् तुझा हुकूम?

वाहिद : मी पण वाजवीन. माझा एक, तुमचा एक.

विठाबाई : चुकून आदीच वाजला तर?

वाहिद : कच्चा पाक पुन्हा चढवता येतो, मावशी. करपलेल्याचं काय करायचं?

रखमाजी : घाटात रुळाखाली टाकाया खडी म्हून चालंल.

विठाबाई : आता कशी मानसासारखी जीभ सुटली ह्येची!

वाहिद : बायकांना हाक मारा. जांभळीखाली बसल्यात सगळ्या. जेवल्या का?

विठाबाई : जेवायची घंटा कुटं वाजवलीस तू? भाकरीची फडकी सोडून बसल्यात, घास न्हाई उचलला.

वाहिद : काय माणसं आहात तुम्ही! आधी खाऊन घ्या म्हणावं. मग कढई चढवू. अजून वेळ आहे गाडीला.

विठाबाई : सांगते. आन् मी तशीच जाते फाटकातनं.

वाहिद : कुठं?

विठाबाई : घरी. उद्यापासनं येऊ नका म्हनला न्हवं? लाटणं मिळालं माझं.

वाहिद : मावशी...

विठाबाई : इसरला व्हय?

वाहिद : ते मी रागात बोललो. राहा. हा हुकूम नाही. तुम्ही गेलात तर मला ह्या कारखान्यात चापट मारणारं कुणी उरणार नाही, आणि मला ती लागते. आज कळलं. राहाल ना?

विठाबाई : ऱ्हाते. पर एक हाय. ती खुर्ची. भट्टीच्या नि वट्याच्या बरूबर मधी ठिवलीय. गरम पाट घेऊन जाताना रोज गुडघ्याला लागतीय.

वाहिद : मला तिथून सगळं दिसतं म्हणून ठेवली.

रखमाजी : साहेब, लाकडं बी सरल्यात. सागवानी हाय का हो ती?

वाहिद : रखमाजी!

रखमाजी : निस्तं इचारलं.

वाहिद : पडवीत नेऊन ठेवा. ज्याचे पाय दुखतील तो बसेल. आणि मला साहेब म्हणायचं बंद करा.

रखमाजी : मग काय म्हनू?

वाहिद : आधी काय म्हणत होता?

रखमाजी : आधी? “ए पोरा” म्हनायचो.

वाहिद : तेवढं मात्र नको.

(उन्हं कलली आहेत. भट्टीवर दुसरी कढई. दाराबाहेर मोटारीचा भोंगा.)

विठाबाई : वाहिद, मोटार आलीय बग. गिऱ्हाईक.

वाहिद : थांबू दे. पाक आता यायलाच झालाय. मी हलणार नाही इथून.

विठाबाई : जा.

वाहिद : नको, मावशी. सकाळी तेच केलं.

विठाबाई : सकाळी तू गेला, त्याचं काय न्हाई. आमाला गप बसवून गेला, त्यानं करपलं. आता जा. तू नसताना जमलं तरच जमलं म्हनायचं.

वाहिद : आणि बिघडलं तर? डबे रिकामे आहेत. गाडी यायला फार वेळ नाही. माझी नोकरी जाईल.

विठाबाई : आमची बी जाईल की. आमी काय परक्याच्या कढईपाशी हुभ्या हाईत? जा म्हनते ना.

वाहिद : दारापर्यंतच जातो. तिथूनच बोलतो त्यांच्याशी.

रखमाजी : हां, दारातनं बोल. पर तोंड तिकडं कर. हिकडं बगत बोललास तर गिऱ्हाईकाला वाटंल, आत चोर शिरलाय.

वाहिद : या, या साहेब. हो, मी इथला... मी इथं काम बघतो. चिक्की? म्हणजे आमची गूळदाणीच. आहे ना, आत्ता तयार होतेय, ताजी. कशी करतात? सांगतो. सगळं त्या पाकात... एक मिनिट हं, साहेब. वाजला का? मावशी, झारा वाजला का?

विठाबाई : नंदानं वाजवला. तू तुझं गिऱ्हाईक बग.

वाहिद : इतक्यात? अजून तार आली नसेल. गोळी टाकून बघितली का पाण्यात?

विठाबाई : बगतोय आमी.

वाहिद : मी येऊ का?

विठाबाई : येऊ नगंस!

रखमाजी : वाहिद, दुसरा वाजला रं. बयानं जोरात वाजवला बग. सारी भट्टी हादरली.

वाहिद : ऐकलं मी. मग थांबलाय कशाला? उतरवा!

रखमाजी : उतरवतोय. कडी धरलीय. पर शेठजींनी उद्या इचारलं, उतरवा म्हनलं कोन, तर काय सांगू? तू म्हनला म्हून सांगू?

वाहिद : नाही. बया म्हणाली म्हणून सांगा.